लेकीच्या दोन जबान्या

सोमवार, ४ फेब्रुवारी

पाळकसाहेब सकाळीच येऊन बसले. एरवी चहाला नको म्हणतात, आज दुसरा कपही मागून घेतला. तेव्हाच ओळखलं की काम मोठं आहे.

"मात्राकाका, एक पुस्तिका लिहायची आहे," ते म्हणाले, "आणि ती तुम्ही लिहायची आहे."

मी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. सुटलेला काना, जादा पडलेली मात्रा दुसऱ्यांच्या लिखाणातून वेचून काढायची, हा धंदा. त्यावरून छापखान्यात हे नाव पडलं आणि निवृत्त झाल्यावर चर्चच्या मंडळीतही चिकटलं. पण लिहिलं म्हणावं असं मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. तसं त्यांना सांगितलं.

"म्हणूनच तुम्ही हवे," ते म्हणाले. "तरुण पोरं मोबाइलवर काहीतरी बघतात आणि मला येऊन विचारतात, पाळक, बायबल हजारो वेळा हातानं उतरवलं गेलं, मग मुळात काय होतं हे कशावरून? मी म्हणतो, विश्वास ठेवा. ती म्हणतात, पुरावा द्या. आता मी कुठला पुरावा देणार? नकला कशा होतात, चुका कुठे शिरतात, हे आपल्यात तुमच्याएवढं कुणाला कळतं?"

तरुणांच्या शिबिराच्या आधी साठ पानं हवीत. मी हो म्हणून बसलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं. चार वर्षांत कुणी मला माझ्या कामासाठी विचारलं नव्हतं. डोळ्यांचा नंबर वाढलाय, पण नजर शाबूत आहे. गेल्याच रविवारी गीतांच्या पत्रकात दोन चुका धरल्या.

ही वही टिपणांसाठी काढली होती. आज टिपण राहिलं बाजूला आणि हेच लिहिलं. असो.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

तीन दिवस वाचनालयात. तिथल्या बाई आता मला बघितल्या बघितल्या खिडकीजवळची खुर्ची मोकळी करून देतात.

विषय मोठा गमतीचा आहे. मूळ लेखकाच्या हातचा एक कागदही शिल्लक नाही. आहेत त्या सगळ्या नकला, आणि नकलांच्या नकला. नव्या कराराच्या नुसत्या ग्रीक हस्तलिखित प्रती पाच हजारांवर, काही पूर्ण, काही हातभर, काही बोटभर तुकडे. आणि त्यांत फरक किती? ढिगानं! तरुण पोरं इथेच घाबरतात. पण मी छापखान्यातला माणूस, मला यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. प्रत एकच असेल तर तीत फरक सापडणारच कसा? प्रती जितक्या जास्त तितके फरक जास्त, आणि तितकंच मूळ शोधणं सोपं. एका नक्कल करणाऱ्याची ओळ सुटली, तर ती दुसऱ्याकडे असते. सगळ्यांची एकच ओळ एकाच वेळी सुटत नाही.

मृत समुद्राजवळच्या गुहेत यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी सापडली, ती आधी माहीत असलेल्या प्रतींपेक्षा हजारेक वर्षांनी जुनी निघाली. शेजारी ठेवून ताडून पाहिली, तर बहुतेक फरक अगदी आमच्या रोजच्या कामातले, काना-मात्रेचे. हजार वर्षं न दिसणाऱ्या माणसांनी डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं. वाचताना मला माझ्या खात्यातली माणसं आठवली.

म्हणजे ही आठवली. लग्नाआधी ही आमच्याकडे वाचक होती. मूळ प्रत हिनं मोठ्यानं वाचायची, मुद्रितावर मी नजर ठेवायची. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, सगळं उच्चारून वाचायचं असतं. लग्नानंतरही ती सवय गेली नाही. चिडली की म्हणायची, "ताट वाढलंय, पूर्णविराम. आता हाक मारणार नाही, उद्गारचिन्ह." लेक लहान असताना तिला हे सगळ्याच घरांत बोलतात असं वाटायचं. शाळेत एकदा तिनं बाईंना "आले पूर्णविराम" म्हटलं आणि वर्गभर हसं झालं.

तरी एक शंका इथे लिहून ठेवतो, पुस्तिकेत कशी घालायची ते बघू. नक्कल चोख आहे म्हणजे मजकूर खरा आहे असं होत नाही. एखादी थाप मी चौतीस वर्षं बिनचूक तपासली तरी ती थापच राहील. प्रतींचा प्रश्न सुटला की पुढचा उभा राहतो. पहिल्यांदा सांगणारा माणूस खरं बोलत होता कशावरून?

रविवार, १० फेब्रुवारी

लेकीचा फोन. दर रविवारी अकराला येतो. तब्येत, औषध, पाणी येतं का, गॅस आहे का. पाच-सहा मिनिटांत संपतो. ती दोन तासांच्या अंतरावर राहते, कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या टाइप करून घेते. वर्षातून तीन-चारदा येते. आली की कपाटं आवरते आणि जाते. काही वाईट बोलत नाही. काही बोलतच नाही, असं म्हटलं तरी चालेल. काही मुली तशा असतात.

आज मात्र मी तिला धरून ठेवलं. म्हटलं, "तुझ्या कामातलं एक विचारायचंय. साक्षीदार खरं बोलतोय हे ओळखतात कसं?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

पुस्तिकेचं सांगितलं. येशूच्या आयुष्याची चार शुभवर्तमानं, चार सांगणारे, बारीकसारीक गोष्टींत एकमेकांशी न जुळणारे. ती जरा हसली. फोनवर तिचं हसू ऐकून किती दिवस झाले होते!

"दोन साक्षीदार एकाच शब्दांत बोलायला लागले ना बाबा, की आमच्या साहेबांच्या भुवया वर जातात. पढवून आणलेले असतात. आणि एकच माणूस दहा वेळा विचारलं तरी तेच वाक्य तस्संच म्हणत असेल, तर तो आठवून सांगत नाही, पाठ म्हणतो."

"आणि खरं बोलणारा?"

"तो अडखळतो. आज एक आधी सांगतो, उद्या दुसरं. एखादं सांगायला जड जातं ते पहिल्यांदा गाळतो, मग धीर आला की सांगतो. वकील नेमकं तेवढ्यावरच बोट ठेवतात. न्यायाधीश कच्चा असेल तर त्याला खोटा ठरवून मोकळा होतो."

मी भराभर लिहून घेत होतो. "कच्चा न्यायाधीश! छान शब्द आहे," मी म्हटलं, "हा घेतो मी."

लाइन गेली वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग ती म्हणाली, "घ्या. ठेवते." आज नऊ मिनिटं झाली.

सोमवार, ११ फेब्रुवारी

तिसरं प्रकरण एका बैठकीत झालं. कच्च्या न्यायाधीशापासूनच सुरुवात केली. पाळकसाहेबांना फोनवर वाचून दाखवलं. "काका, पोरांची तोंडं बंद होतील," म्हणाले. पोरांची तोंडं कशाला बंद व्हायला हवीत, असा एक विचार मनात येऊन गेला. पण स्तुती स्तुतीच असते.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

येशूच्या क्रुसाच्या वर जी पाटी लावली होती, तिच्यावरचा मजकूर शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांनी चार तऱ्हांनी दिलाय. मार्क सगळ्यांत थोडक्यात: यहुद्यांचा राजा. लूक त्याला "हा" जोडतो. मत्तय येशूचं नाव घालतो. योहान गावासकट देतो, आणि पाटी तीन भाषांत होती हेही सांगतो. चार ओळी एकाखाली एक लिहून बघितल्या. एवढी लहानशी पाटी आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. माझ्या टेबलावर आलं असतं तर मी चौघांनाही परत पाठवलं असतं.

आणि तरी, पाटीवर काय होतं याबद्दल शंका उरते का? काडीची नाही. चौघांनी एकच पाटी बघितली किंवा बघणाऱ्याकडून ऐकली, एवढं स्वच्छ दिसतं. चौघांचं अक्षर न् अक्षर सारखं असतं, तर मी म्हटलं असतं की मागून कुणीतरी बसून सारखं केलंय.

हिचा स्मृतिदिन पुढच्या महिन्यात. अकरा वर्षं होतील. पाटीच्या पुढेच येशूचे शेवटचे शब्द येतात, म्हणून आठवलं. ही गेली तेव्हा मी छापखान्यात होतो. जवळ फक्त लेक, एकोणीस वर्षांची. हिचा शेवटचा निरोप तिनंच मला दिला, "त्यांना म्हणावं, सावकाश या." त्या वेळी तिच्या सांगण्यात थोडा घोटाळा झाला होता, तो मी तेव्हाच निस्तरला. त्यानंतर दर वर्षी कबरीवर फुलं ठेवताना मी तिला विचारतो, आई काय म्हणाली होती, आणि ती तेच वाक्य सांगते. अकरा वर्षांत एक अक्षर बदललेलं नाही. तेवढाच माझा आधार.

रविवार, १७ फेब्रुवारी

आज उपदेशात पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. म्हणाले, "आपले मात्राकाका, ज्यांनी पत्नीच्या शेवटच्या घटकेलाही प्रभूच्या वचनाचं काम हातचं सोडलं नाही." सगळ्यांनी वळून बघितलं. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली असणार.

ते प्रभूचं वचन नव्हतं. सातवीचा भूगोल होता.

कधीतरी कुणीतरी म्हणालं, त्या सुमाराला तुमच्याकडे नव्या कराराची खिशातली आवृत्ती छापत होते ना? मी "हो" म्हटलं. छापत होतेच, शेजारच्या यंत्रावर. पुढे लोकांनी दोन गोष्टी जोडल्या आणि मी जोडू दिल्या. दुसऱ्यांच्या प्रूफात स्वल्पविराम सुटला तर ज्याला झोप येत नसे, त्यानं स्वतःबद्दलची एवढी ढळढळीत चूक अकरा वर्षं चालू दिली.

साडेतीनला लेकीचा फोन छापखान्यात आला. "बाबा, आईचं बरं नाही, या." मी म्हटलं, पाचपर्यंत येतो. शेवटचा फर्मा, म्हणजे एकदम छापायची सोळा पानं, यंत्रावर चढायचा होता, त्यात नद्यांची नावं चुकली होती. दुसरा कुणीही ती दुरुस्त करू शकला असता. माझाच कुणावर भरवसा नव्हता. सव्वाआठला पोचलो. ही आठ वाजायला दहा मिनिटं असताना गेली होती.

आज अकराला फोन आला तेव्हा मी लेकीला उपदेशाचं सांगितलं नाही.

बुधवार, २० फेब्रुवारी

सकाळी चौथं प्रकरण सुरू केलं. विषय असा की, रचून सांगणारा माणूस स्वतःची नाचक्की होईल असं काही घालत नाही. आणि इथे तर पानोपानी नाचक्की. शिष्य पेत्रानं येशूची ओळख नाकारली, बाकीचे पळून गेले, बागेत जागं राहायला सांगितलं तर झोपून गेले. आणि येशू पुन्हा उठला, कबर रिकामी आहे, ही बातमी पहिल्यांदा कुणी आणली? बायकांनी. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायचीच होती, तर एखाद्या वजनदार पुरुषाला तिथे पाठवलं असतं. उलट लूक सरळ लिहून टाकतो की, बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा शिष्यांना ती नुसती बडबड वाटली आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही.

मी लिहिलं: "ज्या पहाटे जगातली सगळ्यांत मोठी बातमी त्यांच्या दारात आली, त्या पहाटे घरातल्या शहाण्या पुरुषांनी ती आणणाऱ्या बाईला खोटं ठरवलं, कारण..."

"कारण"च्या पुढे लिहवेना. दुपारपर्यंत तसाच बसून राहिलो. दूध उतू गेलं.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

आता लिहूनच टाकतो.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये लेकीनं मला सांगितलं, आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, सावकाश या." ते ऐकून मी जरा सावरलो. तिसऱ्या दिवशी घरात मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, बसलेली असताना लेक तिला सांगत होती, आई म्हणाली, "ते यायचे नाहीत. त्यांना म्हणावं, सावकाश करा काम." मी आतल्या खोलीतून ऐकलं.

मी बाहेर आलो आणि कागद घेतला. मधोमध रेघ मारली. डावीकडे पहिलं वाक्य, उजवीकडे दुसरं. लाल पेननं फरक अधोरेखित केले. कागद तिच्यासमोर ठेवून विचारलं, "यातलं बरोबर कुठलं?"

तिनं दोन्ही वाक्यं वाचली. मी म्हटलं, "परवा एक, आज एक. आईच्या तोंडी तरी खोटं घालू नकोस. खोटारडी कुठली."

तिनं डाव्या वाक्यावर बोट ठेवलं. मी उजवं खोडलं, वर सही केली, जशी अंतिम मुद्रितावर करतात, आणि कागद ठेवून दिला. आई जाऊन तिसरा दिवस. पोर एकोणीस वर्षांची.

मला फरक खुपला होता असं मी आजवर समजत होतो. फरक नव्हता खुपला. "ते यायचे नाहीत" हे खुपलं होतं. त्यात माझी नाचक्की होती.

लाल पेन हातात धरून मी पाच हजार प्रतींबद्दल पानंच्या पानं लिहिली, आणि घरात दोन प्रती होत्या तर एक माझ्या हातानं खोडली. परवा "कच्चा न्यायाधीश" म्हणून ती गप्प का झाली, ते आज कळतंय. आणि मी म्हणे छान शब्द आहे, हा घेतो!

रविवार, २४ फेब्रुवारी

अकराला फोन. मी सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होतो. ऐन वेळी नेहमीचाच प्रश्न तोंडातून गेला, "आई शेवटी काय म्हणाली होती गं?"

"त्यांना म्हणावं, सावकाश या."

तोच सूर, तीच लय. पाढे म्हणावेत तसं. अकरा वर्षं हे ऐकून मला धीर यायचा. आज मला तिचा पाठ म्हणणारा साक्षीदार आठवला. मी म्हटलं, "तसं नाही, मला म्हणायचं होतं..." ती म्हणाली, "बाबा, स्मृतिदिन पुढच्या महिन्यात आहे ना? तेव्हा विचारा. औषध घेतलंत का?"

चार मिनिटं.

बुधवार, २७ फेब्रुवारी

मेहुणीकडे गेलो. तिचे गुडघे गेलेत, बसल्या जागेवरून घर चालवते. मी तिला सरळच विचारलं, त्या दिवशीचं तुला काय आठवतं?

"अकरा वर्षांनी सुचलं का भावोजी?" ती म्हणाली. मग तिनंच पुढे सुरू केलं. "मला शब्द आठवत नाहीत. पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगत होती. शेवटाकडून सांगायला लागली होती, मधेच थांबत होती. अजून काहीतरी सांगायचं होतं तिला. 'मावशी, मी ना' असं म्हणाली आणि तुम्ही बाहेर आलात कागद घेऊन. ते 'मी ना' तिथेच राहिलं. मी मागाहून दोन-तीनदा विचारलं. म्हणाली, बाबांनी ठरवलंय ना आता, तेच बरोबर."

"तू तेव्हा मला का नाही बोललीस?"

"तुमच्याशी? तुमच्याशी कोण वाद घालणार? तुम्ही माणसाचं बोलणं ऐकता कुठे, तपासता!"

निघताना तिनं हात धरला आणि म्हणाली, तिला फोनवर काही विचारू नका, तिला समोर बघून विचारा. मी घरी येऊन लेकीला फोन केला. बुधवारी कधी करत नाही, त्यामुळे ती आधी घाबरलीच. म्हटलं, "तब्येत ठीक आहे. शनिवारी येशील? मला ऐकायचंय."

मग म्हणाली, "बघते."

रविवार, ३ मार्च

काल लेक आली. बसनं, दुपारी बाराला. मी मटार सोलत बसलो होतो. तिनं पर्स ठेवली आणि समोर बसून सोलायला लागली. बराच वेळ दोघं सोलतच होतो. एवढ्या मटारांचं काय करायचं होतं कोण जाणे.

शेवटी मीच म्हटलं, "त्या दिवशी चुकलो मी. तुला खोटारडी म्हणालो ते. आज मला शब्द नकोत. त्या दिवशी काय काय झालं ते सांग. जसं आठवेल तसं. मागे-पुढे झालं तरी होऊ दे."

तिनं टेबलावर नजर टाकली. "लाल पेन कुठंय?"

"आत."

"लिहून घेणार नाही?"

"तुझ्यासमोर नाही. आणि तू नको म्हणालीस तर कधीच नाही."

ती हसली नाही, पण खांदे जरा खाली आले. मग तिनं सांगितलं. थांबत थांबत, एकदा मागे जाऊन, एकदा चुकलं म्हणून पुन्हा. मी मधे जवळजवळ बोललोच नाही. मला ते जमलं याचं नवल वाटतंय.

"तुमच्याशी फोन झाला आणि मी आईला सांगितलं, बाबा पाचला येतायत. ती बरं म्हणाली. मग वेळ विचारायला लागली. तिच्या कॉटवरून घड्याळ दिसत नव्हतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा खरंच साडेचार वाजले होते, मी सांगितलं. पुन्हा विचारलं तेव्हा सव्वापाच झाले होते. मला सव्वापाच म्हणवेना. मी साडेचार म्हटलं. मग पावणेसहाला विचारलं. साडेचार. सहाला विचारलं. साडेचार. तेव्हा ती हसली, म्हणाली, आज घड्याळ फार हळू चाललंय. त्यांना म्हणावं, सावकाश या."

मुठीतले दाणे तिनं पातेल्यात टाकले.

"मग वॉर्डातले दिवे लागले. सगळे एकदम. तिनं दिव्यांकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, अंधार पडला होता बाहेर. मग माझ्याकडे बघितलं. त्यानंतर तिनं वेळ विचारली नाही."

मी रिकाम्या शेंगा गोळा केल्या.

"बऱ्याच वेळानं म्हणाली, ते यायचे नाहीत. रागावून नाही बाबा, खरंच. शेजारणीबद्दल सांगावं तसं. मग म्हणाली, त्यांना म्हणावं, सावकाश करा काम. दोन्ही तीच म्हणाली. एक दिव्यांच्या आधी, एक नंतर."

"मग तू तेव्हाच..." मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"कॉरिडॉरमध्ये तुमचा चेहरा बघितला, आणि मला फक्त आधीचं सांगता आलं. नंतरचं सांगितलं असतं तर आईला कळलं कसं, तेही सांगावं लागलं असतं. मी मरणाऱ्या आईशी तीनदा खोटं बोलले आणि तिनं ते पकडलं, हे कसं सांगायचं? तिसऱ्या दिवशी मावशीला सगळं सांगून टाकणार होते. तुम्ही कागद आणलात. तुम्ही विचारलंत, बरोबर कुठलं. काय झालं, असं विचारलंच नाहीत."

ती रडली नाही. मी रडलो. तिनं उठून पाणी दिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, तिची आई फिरवायची तसाच, जरा घाईघाईनं. संध्याकाळच्या बसनं गेली. थांब म्हटलं, तर म्हणाली, "आज नको बाबा. आज एवढंच पुरे." जाताना दारात म्हणाली, लिहायचं असेल तर लिहा. म्हणून लिहिलं.

आज उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की ते भूगोलाचं पुस्तक होतं. ते गोंधळले. पुस्तिकेचं काय, म्हणाले. म्हटलं, देतो, चौथं प्रकरण तेवढं पुन्हा लिहायचंय. "कारण"च्या पुढे काय लिहायचं ते आता मला माहीत आहे. शिष्य मूर्ख नव्हते. त्या बायकांचं खरं मानलं असतं तर आपण त्या वेळी कुठे होतो, हेही त्यांना मान्य करावं लागलं असतं.

त्या दिवशी माझी लेक तीनदा खोटं बोलली, तिन्ही वेळा माझ्यासाठी. त्याबद्दल मी तिला कधी काही म्हटलं नाही, कारण ते मला ठाऊकच नव्हतं. खोटारडी म्हटलं ते तिनं खरं सांगायला सुरुवात केली तेव्हा.